चाकाला चिकटून बसणारे आणि एकट्याने ओढणारे (भिगवण राइडच्या निमित्ताने)

घाटमाथा | १३ जुलै २०२५, रात्री १०:०५

आज हडपसरहून भिगवणला जाऊन आलो. दहाबारा जणांचा घोळका, पहाटे पाचला सुरुवात. वारी आटोपून आठवडा झालेला, त्यामुळे सोलापूर रस्ता मोकळा होता. आषाढातला पश्चिमेचा वारा पाठीशी, रस्ता जवळजवळ सपाट. उरुळी, यवत, चौफुला कधी मागे पडलं कळलं नाही. वेग तिशीच्या खाली येतच नव्हता आणि यंदा आपली तब्येत जोरात आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. भिगवणला सकाळी मासे खाणारेही निघाले, त्यांच्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

मग सायकली उलट्या फिरवल्या. वारा तोच, आता तोंडावर. कुरकुंभ यायच्या आत घोळक्याचे तीन तुकडे झाले. आमच्या तुकड्यात सात जण उरले, त्यातले तिघंचौघं आळीपाळीने पुढे राहून वारा कापत होते आणि बाकीचे मागे, त्यांच्या आडोशाला. मागे बसणाऱ्यांतल्या दोघांची खरंच हवा गेली होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण एक गृहस्थ चांगले ताजेतवाने. कार्बन फ्रेम, कार्बन चाकं, शीळ घालत गाणी म्हणत होते. पाटसपासून लोणीपर्यंत एकदाही पुढे आले नाहीत. आणि चहाची टपरी दिसल्यावर असे सुटले की बघत राहावं. वर 'आज मी पहिला' हेही ऐकवलं.

संध्याकाळी टूर द फ्रान्स बघायला बसलो. तिथे व्हान डर पूल आणि रिकार्ट हे एकाच संघातले दोघं सुरुवातीलाच सुटले आणि शातोरूपर्यंत जवळपास सगळी १७४ किलोमीटर आघाडीवर राहिले. रिकार्टचं इंजिन शेवटच्या पाचसहा किलोमीटरांत बंद पडलं, व्हान डर पूलला शेवटच्या किलोमीटरमध्ये गाठलं, आणि स्टेज (त्या दिवसाची शर्यत) कुणी मारली? दिवसभर घोळक्यात दडून राहिलेल्या मर्लियरने. टीव्हीवर मी टाळ्या वाजवल्या. सकाळच्या गृहस्थांवर मात्र अजून चिडलेलो आहे.

तर प्रश्न असा, की हौशी राइडमध्ये मागे बसण्याला काही मर्यादा असते का? अशा माणसाला सांगायचं की सोडून द्यायचं?

---

कासवछाप | १३ जुलै, १०:२०

माशांचे फोटो?

---

नाशिककर_रँडो | १३ जुलै, १०:४८

आधी नियमाचं बोलू. ब्रेव्हेमध्ये (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) दुसऱ्या सायकलस्वाराच्या मागे बसायला पूर्ण परवानगी आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. तेवढ्यात पोहोचलात की झालं, नंबर नसतो, पहिला-शेवटचा नसतो. मनाई आहे ती वाहनाच्या आडोशाला. आणि स्वतःची मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर (वाटेतल्या शिक्क्याच्या ठिकाणी) भेटू शकते, मध्ये नाही. म्हणजे तुमच्या गृहस्थांनी ब्रेव्हेमध्ये हेच केलं असतं तरी कार्डावर शिक्का मिळालाच असता.

एकट्याची खरी परीक्षा बघायची असेल तर डेक्कन क्लिफहँगर. पुणे ते गोवा, सव्वासहाशे किलोमीटरच्या वर, सोलो स्वाराला कुणाच्याही मागे बसता येत नाही. ती रॅमची (अमेरिका आरपार जाणाऱ्या सायकल शर्यतीची) पात्रता फेरी आहे आणि रॅममध्येही हाच कायदा. आमच्या नाशिकचे महाजन बंधू २०१५ मध्ये दोघांच्या संघातून अमेरिका पार करून आले, तेव्हा एक सायकलवर, दुसरा गाडीत विश्रांतीला. नागपूरच्या अमित समर्थांनी २०१७ मध्ये ती सोलो पूर्ण केली. तिथे वारा ज्याचा त्याने कापायचा.

बाकी टपरीचा स्प्रिंट मारणाऱ्याला चहाचं बिल द्यायला लावायचं. आमच्याकडे तशी पद्धत आहे आणि तिचा परिणाम लगेच दिसतो.

---

भिंगरी | १४ जुलै, सकाळी ७:१५

मी मागे बसणाऱ्यांपैकी. कालच्या नव्हे, दुसऱ्या ग्रुपमधल्या. आमची बाजूही ऐका.

मला पुढे जायची भीती वाटते आणि ती वाऱ्याची नाही. होतं असं, की ग्रुप ताशी २४ ने चाललेला असतो. मी मागे व्यवस्थित असते. कुणीतरी म्हणतं, 'चला ताई, आता तुमची पाळी.' पुढे गेल्यावर मला २४ टिकवता येत नाही, मी २१ वर येते. दोन मिनिटांत मागून कुजबुज, मग एक जण बाजूने येऊन एकदम २८ ने निघतो. मी आधीच दमलेली, त्याच्या मागे लागायला जाते आणि सुटते. मग उरलेले ५० किलोमीटर एकटी. एकदा असं झालं की पुढच्या वेळी शहाणं माणूस मागेच बसेल ना?

गाणी म्हणणाऱ्याची वकिली करत नाहीये. पण मागे बसलेला प्रत्येक जण आयतखाऊ नसतो.

---

जुनी_सायकल | १४ जुलै, ९:४०

भिंगरीताईंनी नेमकं दुखणं सांगितलंय. माझ्या मते ग्रुप मागे बसणाऱ्यांमुळे फुटतच नाही. पुढे येऊन वेग वाढवणाऱ्यांमुळे फुटतो.

जरा आकडे मांडतो. सपाट रस्त्यावर पंचवीस-तीसच्या वेगाला आपली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो वेग म्हणजे तुमचा अधिक समोरच्या वाऱ्याचा. तुम्ही २५ ने चालला आहात आणि समोरून १५ चा वारा आहे, तर अंगावर ४० ची हवा येते. वारा नसताना जेवढा विरोध असता त्याच्या अडीचपट. आता तोच माणूस २२ वर आला, तर अंगावरची हवा ३७ ची. हिशेब करून बघा, हवेशी झगडण्यात जाणारी ताकद जवळपास पाव भागाने उतरते. आणि भिगवण ते हडपसर शंभर किलोमीटर धरले तर वेळ किती वाढला? चार तासांचे साडेचार. एक पंक्चर आणि लांबलेला चहा यांत तेवढा वेळ जातोच.

मागच्याला मिळणारा फायदाही मोठा आहे. चाकाच्या अगदी जवळ असाल तर हवेचा विरोध तिसऱ्या हिश्श्याने सहज कमी होतो. सायकलभर अंतर ठेवलं तरी बराचसा लाभ मिळतो, त्यामुळे नव्या माणसाने प्रोंसारखं (व्यावसायिक स्वारांसारखं) चार बोटांवर चिकटायची गरज नाही. मोठ्या घोळक्यात तर हे टोकाला जातं. बर्ट ब्लोकेन आणि मंडळींनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या पेलोटॉनचा, म्हणजे शर्यतीतल्या मोठ्या घोळक्याचा, अभ्यास केला होता. पोटात, मागच्या रांगांत असणाऱ्याला एकट्या स्वाराच्या जेमतेम ५ ते १० टक्के विरोध लागतो असं त्यांना दिसलं. मर्लियर दिवसभर कुठे होता आणि शेवटी त्याच्या पायात एवढा दम कुठून आला, हे यातून कळतं.

म्हणून आमचा जुना नियम: अंगात जोर जास्त आहे त्याने जास्त वेळ ओढायचं, जास्त वेगात नाही. पुढे आल्यावर वेग होता तोच ठेवायचा. त्यानंतर मात्र मीटरकडे बघू नका, मीटर वारा धरत नाही. पायावरचा भार तोच राहिला पाहिजे. चढ आला की वेग कमी, भार तोच. ज्याच्यात कमी जोर आहे त्याने अर्धा मिनिट पुढे राहून बाजूला व्हायचं. अगदीच हवा गेली असेल तर पाळी घ्यायचीच नाही, सगळ्यात शेवटी राहायचं आणि परतणाऱ्याला 'माझ्या पुढे ये' असं सांगून आत घ्यायचं. यात लाज कसली?

घाटात हे सगळं रद्द. पसरणीला किंवा सिंहगडाला दहाबाराच्या वेगात मागे बसून फारसं काही मिळत नाही. तिथे ज्याने त्याने आपल्या चालीने जावं आणि माथ्यावर थांबावं.

---

घाटमाथा | १४ जुलै, १०:३०

हिशेब मान्य आहे, पण तब्येत असूनही पाळी न घेणाऱ्याचं काय? भिंगरी यांना जमत नाही म्हणून त्या मागे राहतात, ते रास्तच. हा माणूस शेवटी ४५ ने सुटला. म्हणजे इंधन होतं, फक्त ते स्वतःसाठी राखून ठेवलं. प्रोंमध्ये याला डावपेच म्हणतात कारण तिथे समोरचा दुसऱ्या संघाचा असतो. आमच्यात संघ एकच होता.

आणि प्रो सगळेच दडून बसत नाहीत. टिम डेक्लर्क आठवा. वर्षानुवर्षं त्याचं काम एकच, पेलोटॉनच्या तोंडाशी राहून शंभर-दीडशे किलोमीटर ओढायचं आणि पळून गेलेल्यांना आवाक्यात ठेवायचं. शेवटची धुमाळी सुरू झाली की कॅमेऱ्यातून गायब. स्वतः क्वचितच काही जिंकला, पण 'ट्रॅक्टर' हे टोपणनाव सगळ्या जगाला माहीत.

---

दौंडचा_पाहुणा | १४ जुलै, १०:५२

अवांतर: ट्रॅक्टरवरून आठवलं. हंगामात याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे चिकटून जाणारे महाभाग पाहिलेत मी. मागे दिवा नाही, ट्रॉली कधी थांबेल त्याचा भरवसा नाही, वरून ऊस पडतो तो वेगळाच. कुणाला हौस असेल तर कृपया घरी सांगून जा.

---

ग्रोनिंगेनकर | १४ जुलै, दुपारी २:१०

नेदरलँड्समधून लिहितोय. इथे डोंगर नाही, पण वारा आहे आणि तो पुरतो. ऑस्टरस्केल्डच्या बंधाऱ्यावर वादळी वाऱ्यातच भरणारी एक राष्ट्रीय स्पर्धा आहे, साडेआठ किलोमीटर, बिनगिअरच्या ताठ बसायच्या सायकलवर, थेट समोरच्या वाऱ्यात. वाऱ्याचा जोर पुरेसा नसेल तर स्पर्धा होत नाही. हे लोक गंमत म्हणून काय करतील सांगता येत नाही.

वाऱ्याबद्दल एक भर घालतो. तुम्ही सगळे समोरचा वारा धरून चाललात, पण भिगवणहून पुण्याकडे येताना रस्ता पश्चिमेच्या किंचित उत्तरेला जातो आणि पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. म्हणजे तो येतो समोरून पण डावीकडून. अशा वाऱ्यात आडोसा पुढच्याच्या सरळ मागे नसतो, उजव्या अंगाला मागे असतो. इथे अशा वेळी ग्रुप तिरकी रांग धरतो. त्या रांगेत रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो, उरलेले कडेला रांग लावून मरतात. टूरमध्ये याच्यावर शर्यती फिरल्या आहेत. २०१३ मध्ये सपाट स्टेजवर कोंतादोरच्या संघाने बाजूच्या वाऱ्यात घाला घातला आणि पिवळ्या जर्सीतल्या (म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्या) फ्रूमचे १ मिनिट ९ सेकंद गेले. २०२० मध्ये पोगाचारनेही लाव्होरच्या स्टेजला असेच १ मिनिट २१ सेकंद घालवले होते. ती टूर त्याने शेवटी ५९ सेकंदांनी जिंकली, तो भाग वेगळा.

आता हे सोलापूर हायवेवर लावून बघा. आडोसा उजवीकडे, म्हणजे ट्रकच्या बाजूला. तिथे तिरकी रांग धरणं म्हणजे आत्महत्या. त्यामुळे तुम्ही सगळे कडेच्या पट्टीत एकामागे एक चालला असणार आणि मागच्यांना वाटतं तेवढा आडोसा मिळतच नसणार. पुढचा म्हणतो मागचे फुकटात चाललेत, मागचा म्हणतो मीही मरतोय. दोघांचंही बरोबर! यावर उपाय एकच. पुढच्याने पांढऱ्या पट्टीला धरून न चालता कडेच्या पट्टीत जमेल तितकं डावीकडे सरकायचं, म्हणजे मागच्याला उजवीकडे हातभर जागा मिळते.

---

जुनी_सायकल | १४ जुलै, २:४५

हे भारी. आणि बाजूला कुठून व्हायचं हा प्रश्नही यातच सुटतो. पाळी संपली की वाऱ्याच्या अंगाला सरकायचं, म्हणजे परतताना डावीकडे. हायवेवर ते वाहनांच्या दृष्टीनेही बरं. फक्त डावीकडे खडी, काचा किंवा उलट्या दिशेने येणारी दुचाकी नाही हे आधी बघा.

---

भिंगरी | १४ जुलै, ३:२०

उलट्या दिशेने येणारी दुचाकी!! माझी खरी भीती ती. पुढचा शेवटच्या क्षणी उजवीकडे वळतो आणि मला समोर एकदम हेडलाइट दिसतो.

---

जुनी_सायकल | १४ जुलै, ४:०५

म्हणूनच पुढच्याचं पहिलं काम डोळ्याचं, पायाचं नंतर. पुढे राहणारा मागच्या सगळ्यांच्या वतीने बघत असतो. पन्नास मीटरवर दुचाकी दिसली की ओरडायचं, 'समोरून!' आणि हळूहळू सरकायचं, झटका द्यायचा नाही. खड्डा आणि रंबलर हाताने दाखवा, पण ज्या रस्त्यावर दर दहा मीटरला खड्डा आहे तिथे हात हँडलवरच ठेवा आणि तोंड चालवा. मागच्यांनीही ती हाक पुढे द्यायची. पाचवा माणूस पहिल्याचं ऐकत नसतो.

मागच्यांसाठी: पुढच्याच्या चाकाकडे टक लावू नका, खांद्यावरून पलीकडे बघा. पॅडल एकदम थांबवू नका. हलकंसं मारत राहा, वेग जास्त वाटला तर जरा बाजूला सरकून वारा अंगावर घ्या, तोच ब्रेक. सगळ्यात महत्त्वाचं, आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी जाऊ देऊ नका. तो जरासा हलला तर त्याला काही होत नाही, तुम्ही आडवे. आणि पुढच्याने बसल्याचा उभा राहताना पॅडलवर जोर ठेवूनच उभं राहावं. नाहीतर सायकल वीतभर मागे येते आणि मागच्याच्या चाकावर आदळते.

---

ग्रोनिंगेनकर | १४ जुलै, ४:३०

इथल्या क्लबांत 'समोरून'ला 'तेगेन' ओरडतात आणि सायकलच्या वाटेत मध्येच रोवलेल्या खांबांसाठी वेगळी हाक आहे. खांब आले की दहा गळ्यांतून एकच गजर. पुण्यात खांबाऐवजी काय ओरडावं लागेल याची यादी मोठी होईल.

---

कासवछाप | १४ जुलै, ४:३३

म्हैस.

---

घाटमाथा | १६ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतोय, कारण आज टूरमध्ये तुलूझला नेमकं हेच झालं, चाकाला चाक लागलं. शेवटच्या पाचेक किलोमीटरांत पोगाचार योहानेसेनच्या चाकाला लागून आपटला. जगज्जेता आपटतो तर आपण कोण? पण पुढचं महत्त्वाचं आहे. व्हिंगेगार्ड आणि पिवळ्या जर्सीतला हीली ज्या गटात होते, तो गट मंदावला. त्याला परत येऊ दिलं. तीन दिवसांपूर्वीच्या आमच्या गृहस्थांना हे दाखवायचंय.

---

नाशिककर_रँडो | १६ जुलै, १०:१५

दाखवा, पण उलटं उदाहरणही सोबत ठेवा. गेल्या वर्षीची महिलांची टूर. डेमी व्होलरिंग पिवळ्या जर्सीत, पाचव्या स्टेजला शेवटाकडे पडली. तिच्याच संघातली ब्लांका वाश पुढच्या गटात होती, तिने स्टेज जिंकली. व्होलरिंगचे दीड मिनिटाहून जास्त गेले. आल्प द्युएजच्या चढावर तिने जिवाचं रान करून जवळपास सगळं भरून काढलं आणि निएवियादोमाकडून टूर ४ सेकंदांनी हरली. चार! थांबायचं की नाही यावर तेव्हा जो कल्ला झाला तो अजून विझलेला नाही.

---

भिंगरी | १६ जुलै, १०:४०

मला विचाराल तर आजचं थांबणं फार मोठं नव्हतं. शर्यत जवळपास संपलेली, समोर उद्याचा डोंगर. हौशी ग्रुपमध्ये थांबणं जास्त महागात पडतं, कारण ऊन चढतं, घरी बारा वाजता पोहोचायचं वचन दिलेलं असतं. म्हणून निघण्याआधीच ठरवावं, की कुठे थांबणार, कितीच्या वेगाने जाणार आणि मागे पडलेल्यासोबत कोण राहणार. 'कोणाला मागे सोडत नाही' असं नुसतं जाहीर करणारे ग्रुपच आधी सोडतात, हा माझा अनुभव.

---

जुनी_सायकल | १७ जुलै, सकाळी ८:३०

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून चहा.

घाटमाथा, तुमच्या गृहस्थांबद्दल माझं मत एवढंच. त्यांना सोडून देऊ नका आणि रस्त्यात टोमणेही मारू नका, माणूस चिडून पुढे येतो आणि ३५ ने ओढतो, मग भिंगरीताईंसारखे चार जण गळतात. निघताना सगळ्यांसमोर पाळ्या लावा. पाच-पाच मिनिटं, वेग अमुक, आणि तुमच्यापैकी एकाने त्यांच्या लगेच मागे बसायचं. पाळी आली की 'चला, तुमचे पाच'. नाव पुकारल्यावर बहुतेक लोक येतात. तरीही नाही आले तर पुढच्या वेळी ग्रुपवर राइडची वेळ टाकताना त्यांना विसरायचं. विसरणं ही कला आहे.

---

घाटमाथा | १७ जुलै, रात्री ९:३५

रविवारी हाच प्रयोग, तोच रस्ता, पण फक्त यवतपर्यंत. गृहस्थांना विचारलं, येतो म्हणाले.

अवांतर: टूरमधली आजची ओताकामच्या चढावरची स्टेज बघितली का? आडोसा, डावपेच सगळं धाब्यावर बसवलं पोगाचारने. व्हिंगेगार्डला २ मिनिटं १० सेकंद. चढावर चाकामागे बसून काही मिळत नाही हे जुनी_सायकल म्हणालेच होते.

---

दौंडचा_पाहुणा | १७ जुलै, ९:५८

रविवारी पाऊस असला तर मडगार्ड लावून या रे सगळे. मागे बसणाऱ्यांवर एवढं लिहिलंत, पण गेल्या पावसाळ्यात मी एका बिनमडगार्डवाल्याच्या मागे तीस किलोमीटर काढले. लोणी ते यवतचा सगळा रस्ता माझ्या तोंडात होता.

---

भिंगरी | १७ जुलै, १०:०५

माझ्या फ्रेमला मडगार्डची भोकंच नाहीत. काय करायचं?

---

जुनी_सायकल | १७ जुलै, १०:२०

सीटपोस्टला अडकणारं क्लिपचं मिळतं, पण ते फक्त आपली पाठ वाचवतं. मागच्यासाठी चाकाच्या जवळ, खालपर्यंत येणारं हवं. रबरी पट्ट्यांनी सीटस्टेला (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या नळ्यांना) बांधायचं मिळतं ते घ्या. त्याच्या टोकाला प्लास्टिकच्या बाटलीचा वीतभर लांब तुकडा कापून केबल टायने लावा. दिसायला भिकार, पण चिखल तिथेच अडतो. २८ मिलिमीटरच्या टायरला जागा पुरते का हे दुकानातच चाक फिरवून बघा. घासलं तर शंभर किलोमीटर तो आवाज ऐकावा लागेल.